तिघींतली एक

वसमत

प्रिय दिप्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझी साखर नेहमीसारखीच. अण्णा अठ्ठ्याऐंशीचे झाले तरी दोन भाकरी कुस्करून खातात. फोन केला असता, पण बंदुकीचा विषय निघाला की ही दारात येऊन उभी राहते.

अण्णांनी हट्ट धरलाय, त्यांची सॅव्हेज, ती वर .22 ची रायफल अन् खाली .410 ची छर्ऱ्याची नळी असलेली जोडबंदूक, माझ्या नावावर करायची. सत्तरी उलटली की हयातीतच वारसाला देता येते, 2016 च्या नियमांत तशी सोय आहे. पण 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवलीत, आणि वारशानं आलेलंही त्या दोनातच धरायचं. माझ्याकडं काकांची बारा बोरची डबलबारी अन् टार्गेटची .22 आधीच आहेत. म्हणजे तिघींतली एक जाणार. कचेरीतला कारकून तर कागद बघून म्हणाला, "वरची नळी रायफल, खालची बंदूक, मग ही एक धरायची का दोन?" म्हणलं, साहेब, नळ्याच मोजणार असाल तर डबलबारी धरून मी कधीचाच आत असायला पाहिजे.

तू म्हणशील, सॅव्हेज सोड. तुझं पालुपद मला पाठ आहे, ना धड रायफल ना धड बंदूक. आणि खोटं नाही रे ते. .22 ला गाल दस्त्यावर रोवून, श्वास धरून बसावं लागतं. छर्ऱ्याला मान वर अन् नळी पाखरामागं फिरती. एकच दस्ता दोघींना कसा पुरणार? दुर्बीण बसवली तर खालच्या नळीनं मारताना ती डोळ्यापुढं येते. .410 च्या काडतुसात छर्रे किती, तर 14 ग्रॅम. बारा बोरमध्ये 32. त्यात काडतुसं मिळायची मारामार. बारा बोरची खडकीची तरी सापडतात.

गावातले वेगळेच. भुईमुगात डुकरं घुसली की माझ्या ओट्यावर येऊन बसतात, "तुमच्याकडं दोन-दोन नळ्या हायेत, कामून मारत नाहीत?" डुकराला त्यातली एकही पुरत नाही. जखमी होऊन उसात शिरलं की तोडणीवाल्याच्या अंगावर येईल. आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं.

ही बंदूक केली कुणासाठी, तर पुढं ससा उठेल का तितर, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी. 1972 च्या कायद्याआधी अण्णा बांधाबांधानं तसेच हिंडायचे. आता दोन्ही उठले तरी नुसतं बघायचं. अमेरिकेनं वैमानिकांना अशीच जोडनळीची घडीची एम-6 दिली होती, विमान पडलं तर पोट भरायला. म्हणूनच तू अण्णांना 'पडलेले पायलट' म्हणायचास, ते त्यांना माहीत आहे बरं.

मग लिहितोय कशाला? मागच्या महिन्यात अण्णांना रेंजवर नेलं. हात एवढे थरथरत होते की काडतूस नळीच्या तोंडावर टकटक वाजत होतं. खुर्चीत बसवलं, कोपरं टेबलावर टेकवली. नळी निवडायची बाजूची कळ वर सारून त्यांनी अंगठ्यानं घोडा चढवला, आणि घोडा बसल्याचा आवाज आला तसा हात थांबला. सगळी भोकं काळ्यात, एकमेकांना चिकटून. मग कळ खाली करत म्हणाले, "दिप्यानं त्या दिवशी अशी खाली केली होती. मी खळ्यावरनं बघत होतो."

ऐकलंस? रांजण फुटला म्हणून इतकी वर्षं तू माझ्या नावानं खडे फोडतोयस, आणि साक्षीदार घरातच बसलेला. विचारलं, मग तेव्हा का बोलला नाहीत? तर म्हणे, "रांजण तसाबी गळकाच होता."

तेव्हा सॅव्हेज राहणार. तर्कात बसत नाही, माहीत आहे, वाद घालू नकोस. जाणार ती टार्गेटची .22. तुझ्या परवान्यावर एक जागा रिकामी आहे, ती तू घे. उगाच कुणा हौशाच्या कपाटात गंजायला नको. अर्ज तुला तुझ्या जिल्ह्यात करावा लागेल, पावसाळ्याआधी कर.

पल्लवीचं कुठं जमलं का? गुडघ्याचं एकदाचं करून टाक, भितोस काय. वहिनींना हळद पाठवतोय, यंदाची.

किंमत तूच सांग, घासाघीस करणार नाही. फक्त तिच्याऐवजी डबलबारी मागू नकोस. काकू अजून दसऱ्याला तिलाच आधी कुंकू लावते.

तुझा,
सुऱ्या