सोडायची आहे ती ट्यूब

निपाणी

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

मावशीच्या घरच्या साखरपुड्याला येत नाहीस असं तू आईला कळवलंस. परीक्षेचं कारण मला पटलं नाही. आईला तू चेहऱ्याचा आणि त्या ट्यूबचा फोटो पाठवलास, तो मी मोठा करून नीट बघितला. मुरूम आले म्हणून तू तिखट सोडलंस, शेंगदाणे सोडलेस, मेसची आमटीसुद्धा बाजूला सारतेस. ट्यूब मात्र रोज रात्री लावतेस. सोडायची आहे ती ट्यूबच.

तिच्या मागे बारीक अक्षरांत मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन नावं आहेत. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. वांगासाठी त्वचेचे डॉक्टर हे मिश्रण मोजके आठवडे आणि देखरेखीखाली देतात. मुरुमांचं ते औषधच नव्हे. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल ही त्याच कुळातली नावं, लक्षात ठेव. आपल्या मेडिकलमध्ये रोज कुणीतरी येतं, कधी मराठीत, कधी कानडीत 'मोडवेगे क्रीम कोड्री' (मुरुमांना क्रीम द्या) म्हणत, आणि दुसऱ्या कुणाला गुण आलेली असली ट्यूब मागतं. 2018 साली केंद्र सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं. मी चिठ्ठी मागतो तर गिऱ्हाईक रागावून पुढच्या दुकानात जातं. ट्यूब मात्र एका मैत्रिणीकडून दुसरीकडे फिरतच राहते, तशी ती तुझ्यापर्यंत आली.

सुरुवातीला चेहरा उजळला असं तू म्हणतेस, ते खरंच आहे. स्टिरॉइड लाली आणि सूज दाबून टाकतं, म्हणून पहिले काही आठवडे जादू झाल्यासारखं वाटतं. पुढे कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, आणि एकाच मापाच्या लालसर पुटकुळ्या उठतात. साध्या मुरुमांत काळे ठिपके, पांढरे दाणे, मोठी गाठ असं सगळं मिसळलेलं असतं. तुझ्या फोटोत सगळं एकसारखं दिसलं, तिथंच मला शंका आली. बंद केलं की आग होते, चेहरा आणखी फुलतो, आणि माणूस घाबरून परत तीच ट्यूब लावतो. या चक्रात कितीतरी पोरी अडकतात. कधी हळूहळू कमी करायचं, कधी लगेच थांबवायचं, ते डॉक्टर चेहरा बघून सांगतील. तोवर थर वाढवू नकोस, आणि दुसरी ट्यूब मनाने आणू नकोस.

आता खाण्याचं. तिखटाने किंवा तेलाने मुरूम येतात याला चांगला पुरावा नाही. पुरावा आहे तो रक्तातली साखर झटकन वाढवणाऱ्या खाण्याचा: मैदा, बिस्किटं, थंड पेयं, गोडधोड. 2007 साली ऑस्ट्रेलियात तरुण मुलांना बारा आठवडे असं खाणं कमी करून ठेवलं, तर त्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त उतरले. दुधाचाही संबंध दिसतो, पण तो इतका पक्का नाही. तेव्हा बेळगावचा कुंदा रोज नको. सणाला खाल्लास तर काही बिघडत नाही. भाकरी, उसळ, आमटी, शेंगदाण्याची चटणी पोटभर खा. उपाशी राहून चेहरा सुधारत नाही, आणि तू वाळलेली मला बघवत नाही. दादालाही सांगितलंय, जिममधली व्हे पावडर घेऊन पाठभर पुटकुळ्या आल्या तर पहिल्यांदा तो डबा बंद कर. ताकदीची म्हणून मिळणारी इंजेक्शनं तर हातात धरायचीही नाहीत.

अशक्तपणासाठी तू बी-12 ची इंजेक्शनं घेतलीस का? ती घेतल्यावर काहींना मुरूम येतात. त्वचेवरच्या जंतूंचं वागणंच त्याने बदलतं, हे 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. रक्त तपासून कमतरता निघाली असेल तर घ्यायलाच हवं, नुसतं टॉनिक म्हणून मात्र नको.

काही औषधांनी मुरूम आले तरी ती थांबवायची नसतात. आपल्या गल्लीतल्या एका पोराला टीबीच्या गोळ्यांनी छातीवर, पाठीवर पुटकुळ्या उठल्या. त्यातल्या आयसोनियाझिडने तसं होऊ शकतं. गोळ्या बंद करतो म्हणून तो दुकानात आला, तेव्हा मी त्याला खुर्चीवर बसवून समजावलं. फिटवरचं फेनिटॉइन, मनाच्या आजारावरचं लिथियम, दम्यात कधी द्यावी लागणारी प्रेडनिसोलोन, यांचंही तसंच. मुरुमांसाठी ही औषधं आपल्या मनाने सोडणं जिवावर बेतू शकतं. तुझ्या खोलीवर कुणी घेत असेल तर तिलाही हे सांग.

कपाळाच्या कडेने आलेले दाणे बहुधा खोबरेल तेलाचे. धुवायच्या आधी तासभर केसांना लाव, रात्रभर उशीवर नको. स्कूटीवर घट्ट बांधतेस तो स्कार्फ पावसात ओला राहतो आणि घासतो, तोही रोज धुतलेला घे. पाळी पुढेमागे होत असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील तर आईशी बोल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्याचे उपचार वेगळे असतात.

साध्या मुरुमांना चांगली औषधं आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड आहे, त्याने उशीचे अभ्रे पांढरे पडतात एवढंच. रात्री वाटाण्याएवढं अॅडापलीन पूर्ण चेहऱ्याला लावतात. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. तुला कुठलं आणि कधीपासून, ते डॉक्टरच ठरवतील.

गुरुवारी सकाळच्या गाडीने मी बेळगावला येतो. त्वचेच्या डॉक्टरांची दुपारची वेळ घेतली आहे. ती ट्यूब फेकू नकोस, त्यांना दाखवायची आहे. फेसवॉश, तेल, घेत असशील त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून ठेव, आणि ट्यूब कधीपासून लावतेस ते कागदावर लिहून आण.

तुझे,
पप्पा