आधी पाणी बघणाऱ्या गीझरवाल्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

गॅस गीझरचं पाणी तापेना म्हटलं की बहुतेक जण सिलिंडरकडे बोट दाखवतात, नाहीतर नवा गीझर घ्या म्हणतात. तुम्ही आमच्या इमारतीत आलात आणि पहिल्यांदा विचारलंत, "नळ पूर्ण सोडला तर 20 लिटरची बादली किती वेळात भरते?" आम्ही इमारतीची देखभाल बघतो, त्यामुळे या प्रश्नाचं मोल आम्हाला चांगलं कळतं. हे आभार उघड पत्रातून मानतोय, कारण थंडी पडली की ही तक्रार घरोघरी सुरू होते आणि तुमची तपासायची रीत इतरांच्याही उपयोगी पडेल.

6 लिटरचा गीझर म्हणजे मिनिटाला 6 लिटर पाणी साधारण 25 अंशांनी तापवणारा. मे महिन्यात टाकीतलं पाणी 28 अंशांवर असतं, तेव्हा नळाला 53 अंशांचं कढत पाणी येतं. डिसेंबरात पुण्याकडे तेच पाणी 18 वर उतरलं की तोच गीझर 43 पर्यंतच पोचतो. त्यात नळ सताड सोडून मिनिटाला 8 लिटर वाहू दिले तर हाती येतं 37 अंशांचं कोमट पाणी. गीझर ठणठणीत, तक्रार मात्र खरी. बादली 3 मिनिटं 20 सेकंदांच्या बरीच आधी भरत असेल तर गीझरकडे येणारा कॉक थोडा आवळायचा आणि उन्हाळा-हिवाळा नॉब हिवाळ्याकडे आहे ना, एवढं बघायचं. खालच्या मजल्यांवरच्या कित्येक घरांचं काम तुम्ही एवढ्यावरच भागवलंत, आणि त्याचे पैसेही लावले नाहीत.

उलटा प्रकार गच्चीवरच्या टाकीला लागून असलेल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथे पाण्याला जोरच नसतो. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम 1 बार. टाकीचा तळ शॉवरपेक्षा दोन-अडीच मीटरच वर असेल तर साधा गीझर पेटायला कां-कूं करणारच, कारण गॅसचं दार पाणीच उघडतं. पाण्याच्या दाबाने आतला रबरी डायफ्राम फुगतो, तो पुश रॉड ढकलतो, रॉड मायक्रो स्विच दाबतो, मग टिकटिक होऊन ठिणगी पडते. तुम्ही शॉवर बंद करून खालचा नळ सोडायला लावलात. नळावर गीझर पेटला, शॉवरवर पेटला नाही, म्हणजे दोष शॉवरच्या क्षाराने बुजलेल्या भोकांत. दोन्हीकडे नाही पेटला, तर इनलेटचा (पाणी आत येण्याच्या बाजूचा) कॉक बंद करून नट सैल करायचा आणि आतली जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासायची. टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत ही जाळी दर दोन महिन्यांनी बघायलाच हवी.

टिकटिक ऐकायला तुम्ही सगळ्यांनाच शिकवलंत. टिकटिकच नाही, तर दोष पाण्याचा दाब, सेल, डायफ्राम किंवा मायक्रो स्विच यांपैकी एकात. टिकटिक आहे पण ज्योत नाही, तर गॅस पोचत नाही: सिलिंडर संपत आलाय, कॉक बंद आहे, किंवा नुकताच सिलिंडर बदलल्यामुळे नळीत हवा आहे. पेटून काही सेकंदांत विझतो, तर आधी सेल. 1.5 व्होल्टचे दोन जाडे सेल, दोन्ही एकदम नवे. एक नवा आणि एक जुना घातला की ठिणगी पडते, पण गॅसची झडप उघडी ठेवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबक) धरून ठेवण्याइतकी ताकद उरत नाही. त्यानंतर ज्योतीचा सेन्सर: त्या दांडीवर काजळी असली तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसायची. आणि बरोबर 20 मिनिटांनी बंद पडत असेल तर तो बिघाडच नव्हे, पुष्कळ गीझरांत सुरक्षेचा टायमर तसाच असतो.

दुसऱ्या मजल्यावर तुम्ही डायफ्राम काढून उजेडासमोर धरलात आणि अंगठ्यांनी ताणलात, तेव्हा कडेला केसाएवढी चीर दिसली. बाहेर एक थेंब गळत नव्हता, तरी दाब त्या चिरेतून पलीकडे निघून जात होता. तिथे अख्खा वॉटर व्हॉल्व्ह बदलायचा सल्ला आधी मिळाला होता. तुम्ही फक्त रबर बदललंत, पुश रॉड साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलंत.

सगळ्यात मोठे उपकार पाइप गॅसच्या घरांवर झाले. सिलिंडरचा गॅस सुमारे 30 मिलिबारने येतो, पाइपचा 21 ने, आणि तेवढ्याच घनफळात त्याची उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या एक तृतीयांशाच्या आसपास. सिलिंडरचे बारीक भोकाचे जेट (बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोट्या) तसेच ठेवून पाइप जोडला की ज्योत निळी, नीटनेटकी आणि बुटकी दिसते. पाणी काही तापत नाही. भोक ड्रिलने मोठं करा म्हणणारे भेटतात. तुम्ही त्याला साफ नकार देऊन कंपनीचा पाइप गॅसचा जेट संचच बसवायला लावलात. जेट घरी कोरायचे नसतात, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत ते फार बरं केलंत. याच्या उलट, पाइप गॅसचे जेट सिलिंडरवर लावले तर ज्योत पिवळी, लांब होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

तांब्याच्या कॉइलमधून कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा सूर येत असेल तर आत क्षाराचा थर आहे. त्यासाठी तुम्ही सांगितलेलं प्रमाण सर्वांसाठी लिहून ठेवतो: कॉइल सोडवून, 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून दोन-तीन तास आत भरून ठेवायचं, मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. फरशीचं ॲसिड कधीही नाही, तांबं खाल्लं जातं.

आणि बाथरूममध्ये बसवलेल्या तीन गीझरांना तुम्ही हात लावला नाहीत, "आधी बाहेर काढा" म्हणालात. काहींना तेव्हा राग आला होता. गॅस गळला तर वास येतो, कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही, आणि बंद बाथरूममध्ये त्याने माणसं दगावतात. दोन गीझर आता ड्राय बाल्कनीत गेले आहेत, गरम पाण्याची नळी तेवढी आत आहे.

तिसरं घर चौथ्या मजल्यावरच्या आजींचं. भिंतीला भोक पाडून घेतलंय, नळी आणि नवे क्लॅम्प आणून ठेवलेत, रबरी नळी दीड मीटरच्या आतच बसते आहे. सवडीने या, तोवर आजी चुलीवरच पाणी तापवतायत.

आपले,
इमारतीची देखभाल बघणारे सर्व रहिवासी