इशारा खरा की खोटा, हे त्या मेलमध्ये शोधू नका

महोदय,

नंदनवन भागात माझे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. 'तुमचे खाते २४ तासांत बंद होईल' असा मेल दाखवत कोणी आले नाही, असा आठवडा विरळाच. फसवणुकीच्या बातमीखाली 'अनोळखी लिंक उघडू नका' असे आपण छापता. सल्ला बरोबर, पण अर्धाच. यातले काही इशारे खरेही असतात. नव्या मोबाइलवरून लॉगिन झाले की गूगल कळवते. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून फुकट मिळणारी १५ जीबी जागा भरत आली, तरी कळवते. हे सगळे खोटे समजून पुसून टाकणारी कॉलेजची पोरेही येतात, आणि महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या, फॉर्मला नेमका तोच मेल-आयडी दिलेला असतो!

मोबाइलवर पाठवणाऱ्याचे नाव दिसते, पत्ता झाकलेला. नाव तर कोणीही काहीही टाकतो. त्याखालच्या छोट्या बाणावर दाबले की पत्ता उघडतो. तो शेवटाकडून वाचावा. आधी 'गूगल डॉट कॉम' आणि शेवटी भलतेच काही असेल, तर मेल त्या भलत्याचा. पत्ता बरोबर दिसला, तरी मी तेवढ्यावर निकाल देत नाही. मेलमधले बटण सोडून द्यायचे, जीमेलमध्ये वर आपल्या फोटोवर दाबून स्वतःचे खाते उघडायचे आणि 'सुरक्षा' विभाग पाहायचा. कोणी खरेच लॉगिन केले असेल, तर त्याची नोंद तिथे सापडते. कोणकोणत्या मोबाइलवर खाते सुरू आहे, तेही दिसते. पासवर्ड देऊन बसला असाल तर तो तिथूनच बदला आणि अनोळखी मोबाइल काढून टाका. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

लोकांना हे समजावतो, आणि आपल्याच संस्था त्यावर पाणी फिरवतात. एका संस्थेचा केवायसीचा मेल आला: पत्ता कोणा तिसऱ्याचाच, आत खरा पत्ता झाकणारी आखूड लिंक, वर 'त्वरित करा'. मी तो खोटा ठरवला असता. चौकशीत खरा निघाला. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन'ने संपणारे पत्ते घ्यायला लावले, हे उत्तम झाले. करवसुली, वीज, गॅस, कॉलेज या सगळ्यांनी निदान मेलमध्ये लिंक देणे थांबवावे आणि 'आमच्या ॲपमध्ये पाहा' एवढेच लिहावे. आपण हा विषय त्यांच्याकडे लावून धरावा, ही विनंती.

एक दुकानदार वाचक,
नंदनवन, नागपूर