काकूंच्या पापणीतील गाठीविषयी

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

काकूंचा, म्हणजे तुझ्या आईचा, अहवाल मी वाचला आणि तू पाठवलेल्या स्लाइड्सही सूक्ष्मदर्शकाखाली सावकाश पाहिल्या. निदान बरोबर आहे. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीतील तैलग्रंथीत सुरू झालेला हा कर्करोग आहे, म्हणजे सेबेशियस कार्सिनोमा. रांजणवाडी म्हणून दोनदा कापलेली गाठ आता कर्करोग कशी निघाली, हा तुझा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पापणीच्या आत एक टणक पट्टी असते आणि तिच्यात उभ्या ओळीने मायबोमियन ग्रंथी असतात. त्यांच्यातून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते व डोळा कोरडा पडू देत नाही. ग्रंथीचे तोंड बुजले की तेल आत साचून न दुखणारी गाठ येते, ती म्हणजे चॅलेझियन. घरोघरी तिलाही रांजणवाडीच म्हणतात. त्याच ग्रंथीत कर्करोग उद्भवला तर तोही तिथेच, तसाच टणक, न दुखणारा आणि हळूहळू वाढणारा असतो. वरच्या पापणीत या ग्रंथी अधिक असल्याने तो तिथे जास्त आढळतो. कधी गाठ येतच नाही, नुसता एकच डोळा महिनोन्महिने लाल राहतो आणि थेंबांनी बरा होत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत हा आजार ओळखू न येणे मी समजू शकतो.

दुसऱ्या वेळेचे मात्र मला समजत नाही आणि त्याचा मला राग येतो. साठी उलटलेल्या बाईंना त्याच जागी पुन्हा गाठ येते, तिथले पापणीचे केस गळतात, तरीही खरवडून काढलेला भाग तपासणीला न पाठवता टाकून दिला जातो, हे व्हायला नको होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत हा कर्करोग दुर्मीळ म्हटला आहे, कारण तिकडे पापणीच्या कर्करोगांत बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या वेगळ्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असते. आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. भारतातील नेत्ररुग्णालयांच्या अनेक अभ्यासांत पापणीच्या कर्करोगांपैकी एक तृतीयांशापासून निम्म्याहून अधिक रुग्ण याच प्रकाराचे आढळले आहेत. एकूण रुग्ण थोडे असले तरी भारतीय पापणीवर पुन्हा उद्भवलेली गाठ पाहताना डॉक्टरांच्या मनात हे नाव आधी यायला हवे.

सूक्ष्मदर्शकाखालीही हा आजार फसवतो. पेशींमध्ये तेलाचे बारीक थेंब असतात, पण तुकडा मेणात बसवण्याआधी अल्कोहोल व झायलीनमधून जातो तेव्हा ते तेल विरघळते आणि केवळ रिकाम्या पोकळ्या उरतात. त्या नीट दिसल्या नाहीत तर अहवालात बेसल सेल किंवा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असे लिहिले जाण्याची शक्यता असते. पूर्वी तेल रंगवून दाखवायला ताजा किंवा गोठवलेला तुकडाच लागत असे. आता मेणातल्या तुकड्यावरही अ‍ॅडिपोफिलिनची चाचणी करता येते, जी तेलाच्या थेंबांभोवतीचे प्रथिन दाखवते. काकूंच्या पेशींत ती ठळकपणे होकारार्थी आली आहे, आणि बेसल सेल कार्सिनोमात सहसा होकारार्थी येणारी बेर-ईपी४ ही चाचणी नकारार्थी आहे. पेशींचे रूपही याला जुळते, म्हणून मला शंका उरलेली नाही.

आता पुढचे. या कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून दूर, पापणीच्या आतल्या पातळ आवरणात बिया विखुराव्यात तशा पसरलेल्या असू शकतात आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून या आवरणातून ठिकठिकाणचे लहान तुकडे घेऊन तपासणार का, आणि गाठ काढताना कडा गोठवून तिथल्या तिथे पाहणार का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचार. कानापुढच्या आणि मानेतल्या लसिकाग्रंथीही तपासून घ्यायला हव्यात, कारण हा रोग प्रथम त्यांच्याकडे जातो. तिथे काही नसेल आणि कडा स्वच्छ मिळाल्या तर डोळा वाचवून पापणी पुन्हा घडवता येते. डोळा काढावाच लागेल अशी जी भीती काकूंच्या मनात आहे, ती आज तरी धरू नये असे त्यांना माझ्यातर्फे सांग.

आणखी एक गोष्ट आहे. तुझ्या मामांना मोठ्या आतड्याचा कर्करोग ऐन चाळिशीत झाला होता. तैलग्रंथींच्या गाठी आणि आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग एकाच व्यक्तीत आढळतात त्या आनुवंशिक आजाराला म्युर-टॉरे सिंड्रोम म्हणतात; 1967 मध्ये म्युर यांनी आणि 1968 मध्ये टॉरे यांनी त्याचे वर्णन केले. डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांतील दोष त्याच्या मुळाशी असतो. पापणीतल्या गाठींशी हा संबंध शरीरावरच्या इतर गाठींपेक्षा कमी वेळा आढळतो, पण मामांमुळे मी तो सोडून देणार नाही. त्या जनुकांच्या प्रथिनांची चाचणी याच तुकड्यावर होते. तीत ही प्रथिने नसल्याचे दिसले तर रक्ताची जनुकीय तपासणी करावी लागेल, आणि त्यातही दोष सापडला तर तुला व ताईला वेळोवेळी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यावी लागेल.

यासाठी मला मेणाचा ठोकळा लागेल. तुमच्या प्रयोगशाळेत लेखी अर्ज दिलास की तो मिळतो. येताना तो आणि काकूंच्या आधीच्या दोन्ही वेळचे कागद सोबत आण. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत