कॉनरॅडकडे नेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

आधी खलाशी आणि मग इंग्रजी कादंबरीकार झालेल्या पोलिश जोसेफ कॉनरॅडवरचा माझा लेख अखेर पूर्ण झाला. घरी येऊन आभार मानले, तर "अगं, त्यात काय एवढं!" म्हणत तुम्ही चहाचा कप पुढे केलात आणि विषय मिटवलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या वहीत नुसती बंदरं होती. मार्सेय, सिंगापूर, बोर्निओ. भरपूर हिंडला म्हणून भरपूर लिहू शकला, एवढंच मला म्हणायचं होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. सदाशिव पेठेतल्या तुमच्या मधल्या खोलीत स्टुलावर चढून कपाटातून त्याच्या आठवणींचं पुस्तक, 'अ पर्सनल रेकॉर्ड', काढलंत आणि म्हणालात, "आधी हे वाच. समुद्र नंतर."

त्यात छोटा कॉनरॅड वडिलांना फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोच्या समुद्रावरच्या कादंबरीची प्रुफं मोठ्याने वाचून दाखवतो. पोलिश अनुवाद वडिलांचाच. शेक्सपिअरही त्याला पहिल्यांदा भेटला तो वडिलांच्या हस्तलिखितातून. रशियन सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या या माणसाला १८६२ मध्ये बायकोमुलासह रशियाच्या उत्तरेतल्या वोलोग्दाला हद्दपार केलं होतं. १८६५ मध्ये आई गेली, १८६९ मध्ये वडील. अकरा वर्षांचं पोर पोरकं झालं. १८७४ मध्ये मार्सेयला गेलेल्या मुलाने समुद्र आधी घरातच वाचलेला होता, हे मला तुमच्यामुळे दिसलं. माझा सगळा लेख त्यावर उभा आहे.

आणि तो ॲटलास! एप्रिल १८८४ मध्ये कॉनरॅड मद्रासला जहाज सोडून रेल्वेने मुंबईला आला आणि 'नार्सिसस' जहाजावर सेकंड मेट (दुय्यम अधिकारी) म्हणून रुजू झाला, हे मी वाचलं होतं. तुम्ही रायचूरवर बोट ठेवलंत. मद्रासची लाइन आणि जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) लाइन १८७१ मध्ये तिथे जोडली गेली. मग तेच बोट सोलापूर, दौंड, पुणे करत खंडाळ्याचा घाट उतरलं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात तो आपल्या पुण्यावरूनच गेला असणार! अंगावर काटा आला माझ्या. लेखात ते अंदाज म्हणूनच मांडलंय, तुम्ही बजावलं होतंत तसं. मुंबईहून निघालेल्या त्याच सफरीवर त्याने पुढे १८९७ ची कादंबरी रचली.

लहानपणी आफ्रिकेच्या नकाशातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून "मोठा झालो की इथे जाणार" म्हणणारा हा मुलगा १८९० मध्ये खरंच काँगोत पोचला आणि तब्येत गमावून परतला. तो भाग मी तीनतीनदा लिहिला, तुम्ही दर वेळी न कंटाळता वाचलात. पेन्सिलीने समासात लिहिलेले तुमचे बारीक अक्षरातले प्रश्न मी जपून ठेवलेत.

बाकीची पुस्तकं रविवारी आणून देते. कॉनरॅडच्या बोब्रोव्स्कीमामाच्या पत्रांचं मात्र अजून थोडे दिवस राहू द्या. भाच्याला वर्षानुवर्षं पैसेही पुरवणारा आणि खडसावणाराही हा मामा मला आता नीट समजून घ्यायचाय.

आपली विद्यार्थिनी