कायपरवर बोलण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कायपरवरच्या व्याख्यानाचं तुझं टिपण दोनदा वाचलं. माहिती पुष्कळ जमवली आहेस, पण अर्धा वेळ तू आब्राहाम कायपरच्या नेदरलँड्सच्या पंतप्रधानपदाला, म्हणजे १९०१ ते १९०५ला दिला आहेस. माझ्या मते ती चार वर्षं पंधरा मिनिटांत उरकावीत आणि मुक्काम १८७८ला करावा. का, ते पुढे येईल. आधी दुरुस्त्या.

'पाळक असताना पंतप्रधान झाला' हे वाक्य खोडून टाक. तेव्हाच्या डच राज्यघटनेप्रमाणे धर्मोपदेशकाला संसदेत बसता येत नव्हतं. १८७४मध्ये खाउडा मतदारसंघातून निवडून आल्यावर कायपरला ॲमस्टरडॅमचं पाळकपद सोडावं लागलं. पुढे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तो राहिला, पण 'वडील' म्हणून, म्हणजे धर्मोपदेशक नसलेला पण कारभार पाहणारा सभासद म्हणून.

बेस्ड गावचा प्रसंग मात्र ठेव. लायडनहून १८६२मध्ये ईशज्ञानाची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची, डॉक्टरेट घेतलेला, धर्मातल्या नव्या उदारमतात मुरलेला हा तरुण १८६३ला तिथे पाळक म्हणून गेला. पीत्ये बाल्टुस नावाची गिरणीवाल्याची मुलगी त्याच्या हातात हात द्यायला तयार नव्हती. त्याची शिकवण तिला पटत नव्हती. तो पुन्हा पुन्हा जाऊन तिच्याशी बोलत राहिला आणि शेवटी तोच जुन्या कॅल्विनी श्रद्धेकडे, म्हणजे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या शिकवणीकडे वळला. हे फक्त भावनिक वळण म्हणून सांगू नकोस. 'लहान माणसं' हा पुढे त्याच्या राजकारणातला परवलीचा शब्द झाला. मताचा हक्क नसलेली पण मत ठाम असलेली ती माणसं त्याने प्रथम इथे जवळून पाहिली.

आता १८७८. उदारमतवादी मंत्री काप्पाइने यांनी शाळांचा कायदा आणला. इमारत चांगली हवी, शिक्षक पात्र हवेत, वर्गात मुलं मर्यादित हवीत. वाचायला सगळं योग्यच. गोम पैशात होती. नगरपालिकेच्या शाळांचा ३० टक्के खर्च सरकार उचलणार, आणि पालकांनी चालवलेल्या धार्मिक शाळांनी तेच निकष स्वतःच्या खिशातून पाळायचे. म्हणजे ख्रिस्ती शाळेत मूल घालणारा सुतार एकदा कर भरणार आणि वर फीही भरणार. आपल्याकडे विनाअनुदानित शाळेच्या शिक्षकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

कायपरने काय केलं ते क्रमाने सांग, कारण खरं कौशल्य तिथे आहे. हाताशी 'दे स्टांडार्ड' हे दैनिक होतं, १ एप्रिल १८७२ला सुरू केलेलं. तारीखही मुद्दाम निवडलेली: डच बंडखोरांनी ब्रील शहर स्पॅनिशांकडून जिंकल्याला त्या दिवशी ३०० वर्षं होत होती. या दैनिकातून हाक गेली, गावोगाव समित्या झाल्या आणि जुलैअखेरच्या पाच दिवसांत राजाकडच्या अर्जावर ३ लाख ५ हजार सह्या झाल्या. कॅथलिकांनी आपला वेगळा अर्ज केला, त्यावर दीड लाखाहून अधिक. त्या वेळी साऱ्या देशात मतदार होते सव्वा लाखाच्या आसपास. हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिही, फार भाष्य करावं लागणार नाही.

राजाने १७ ऑगस्टला कायद्यावर सही केलीच. अर्ज फसला. एरवी अशी चळवळ इथे विरते. कायपरने समित्या मोडू दिल्या नाहीत. त्यातल्या अनेकांच्या निवडणूक मंडळ्या झाल्या आणि ३ एप्रिल १८७९ला त्या मिळून 'अँटी-रेव्होल्यूशनरी' म्हणजे क्रांतिविरोधी पक्ष उभा राहिला. नावातली क्रांती म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती, हे श्रोत्यांना सांगायला विसरू नकोस, नाहीतर भलताच अर्थ निघेल. हा नेदरलँड्समधला पहिला संघटित राजकीय पक्ष: मध्यवर्ती समिती, निवडणुकीआधी स्थानिक प्रतिनिधींची सभा, छापील कार्यक्रम. आणि दरवर्षी १७ ऑगस्टच्या सुमारास ख्रिस्ती शाळांसाठी घरोघर वर्गणी. पराभवाचा दिवस वसुलीचा दिवस करून टाकला. मला त्याची सगळ्यात दाद द्यावीशी वाटते ती इथे.

१८८०मध्ये कायपरने स्थापलेलं ॲमस्टरडॅमचं 'फ्राय' म्हणजे मुक्त विद्यापीठ सुरू झालं. मुक्त कुणापासून? सरकारपासून, आणि चर्चपासूनही. त्याच्या उद्घाटनाच्या भाषणातलं 'एक इंचही जागा ख्रिस्ताच्या हक्काबाहेर नाही' हे वाक्य तू घेतलंयस. पण तेवढंच घेतलंस तर पाद्र्यांचं राज्य आणणारा माणूस उभा राहतो. त्याच भाषणाचा कणा 'आपापल्या क्षेत्रात सार्वभौमत्व' हा आहे: कुटुंब, शाळा, विज्ञान, चर्च, राज्य या प्रत्येकाला अधिकार थेट देवाकडून, म्हणून कुणी दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं नाही. दोन्ही एकत्रच वाच.

१८८६चं चर्चमधलं भांडण, म्हणजे कायपरचा गट डच रिफॉर्म्ड चर्चमधून फुटला ते, थोडक्यात सांग. कुलूपबंद दाराची फळी करवतीने कापल्याचा किस्सा लोकांना आवडतो, पण त्यात दहा मिनिटं जातील.

आता सत्ता. त्या काळी एका मतदारसंघातून एकच जण निवडून येई आणि निम्म्याहून अधिक मतं लागत. ती कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. कायपरने इथे शतकांचं वैर बाजूला सारून कॅथलिकांशी हात मिळवले. पहिल्या फेरीत ज्याचा त्याचा उमेदवार, दुसरीत एकमेकांना मतं. १९०१ला १००पैकी ५८ जागा आल्या. १९०५ला हेच हत्यार उलटलं: दुसऱ्या फेरीत समाजवाद्यांनी उदारमतवाद्यांना हात दिला आणि कायपरची आघाडी ४८वर थांबली. मतं ओतायची युक्ती विरोधकही शिकले होते, आणि त्यांना एकत्र आणायला कायपरचं नावच पुरेसं होतं.

तोवर त्याने शत्रू भरपूर केले होते. १९०३च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमला रेल्वे कामगारांनी संप केला आणि कंपन्या नमल्या. सरकारने रेल्वे कर्मचारी व सरकारी नोकरांच्या संपावर बंदीचे कायदे आणले. एप्रिलचा विरोधी संप काही दिवसांत कोसळला. कामगारांनी त्या बंदीच्या कायद्यांना 'गळा आवळणारे कायदे' म्हटलं. बोच अशी की १८७४मध्ये संसदेत नवा असताना कामगारांसाठी स्वतंत्र कायदेसंहिता मागणारा आणि १८९१च्या ख्रिस्ती सामाजिक परिषदेत मजुरांच्या हालांवर बोलणारा माणूस हाच. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या स्थितीबद्दल चौकशी आयोगही नेमला होता, पण लोकांच्या लक्षात बंदीच राहिली.

दुसरी गोष्ट १९०४ची. मुक्त विद्यापीठाच्या पदव्यांना मान्यता देणारं विधेयक वरिष्ठ सभागृहाने फेटाळलं. कायपरने ते सभागृहच बरखास्त केलं. प्रांतिक सभा नुकत्याच त्याच्या बाजूला झुकल्या होत्या आणि वरिष्ठ सभागृह त्याच निवडून देत, म्हणून हिशेब जमला आणि १९०५ला कायदा झाला. घटनेत बसणारं होतं सगळं. पण जिथे स्वतः प्राध्यापक होता त्याच विद्यापीठासाठी हे करणं मला खटकतं, आणि तू तसं म्हणावंस.

प्रश्नोत्तरात दक्षिण आफ्रिका निघेलच. वर्णभेदाच्या आफ्रिकानेर, म्हणजे तिथल्या मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या, समर्थकांनी त्याचं 'आपापलं क्षेत्र' वंशांना लावलं. कायपरने क्षेत्रं सांगितली ती संस्थांची, वंशांची नव्हे. पण १८९८च्या अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत आफ्रिकेच्या लोकांना खालची पायरी देणारे उतारे आहेत. ते लपवू नकोस. उलट दक्षिण आफ्रिकेतले पाळक ॲलन बूसाक यांनी वर्णभेदाविरुद्ध लढतानाही कायपरचाच आधार घेतला, तेही सांग.

आणि शेवट १९०५ला करू नकोस. शाळांना समान पैसा हे त्याचं मागणं घटनेत आलं १९१७मध्ये, पंतप्रधान कोर्ट फान डर लिंडेन या उदारमतवाद्याच्या हातून, सर्व पुरुषांच्या मताधिकाराच्या बदल्यात. ते अमलात आणणारा शिक्षण कायदा ९ ऑक्टोबर १९२०चा. तो मांडणारे शिक्षणमंत्री दे फिस्सर हेही पूर्वीचे पाळक, ईशज्ञानी. फक्त पक्ष कायपरपासून फुटलेल्यांचा. कायपर तेव्हा द हेगमध्ये होता, वय ८२. ८ नोव्हेंबरला तो गेला.

टिपणाची सुधारलेली प्रत पाठव. 'कायपर' हा उच्चार इंग्रजी वळणाचा आहे, डच 'काउपर'च्या जवळ जातो. सुरुवातीलाच एकदा सांगून मोकळा हो.

तुझा,
अविनाश