नाटकातल्या त्या दादांना

दादा,

तुमचा नंबर घ्यायचा राहून गेला, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही आमच्या शाळेच्या हॉलमध्ये नाटक केलंत त्याला तीन आठवडे झाले, तरी सांगायला गेलं की अजून माझा गळा दाटतो.

सेरेब्रल पाल्सी तुम्हालाही, माझ्या लेकीलाही; म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही, हालचाल आणि बोलणं अडतं. पहिल्याच वाक्याला तुमची जीभ अडली, तेव्हा मागच्या रांगांत खसखस पिकली. तुम्ही घाई केली नाहीत. समोरच्या नटानंही तुमचं वाक्य उचललं नाही. मग एसटीच्या प्रसंगात नाटक थांबवून 'कंडक्टर तू असतास तर?' म्हणत पोरांनाच वर बोलावलंत. ही रीत ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांची, असं तुमच्या ताई म्हणाल्या. सातवीची पोरं तर हमरीतुमरीवर आली!

पण माझं मन अडकलंय ते नंतरच्या प्रश्नोत्तरांत. लेकीनं हात वर केला. 'तु... म्ही...' एवढं होतंय तोच बाई सवयीनं म्हणाल्या, 'तिला विचारायचंय, एवढी जिद्द कुठून आणता?' तुम्ही बाईंना हातानंच थांबवलंत, स्टेजच्या कडेला पाय सोडून बसलात आणि तिच्याकडे बघत राहिलात. हॉल चिडीचूप.

तिचा प्रश्न होता, 'तुम्ही पाठांतर कधी करता?'

'आंघोळ करताना. आई दार वाजवते.'

सगळे हसले. तीही.

आजवर आमच्या वाट्याला काय? दर 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, भाषण आणि गुलाबाचं फूल. 2016च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार पोरांकडून घोकून घेतले, आणि गॅदरिंगला मात्र 'तिला पुढे बसवू की, टाळ्या वाजवेल.' हल्ली मला माणूस ओळखायला फार काही लागत नाही. परस्पर दंड न धरता 'धरू का?' विचारणारा रिक्षावाला, ती सुटे पैसे मोजेपर्यंत थांबणारा वाणी. असे आहेत, मोजकेच.

एका नाटकानं पोरं बदलली असं नाही. मधल्या सुट्टीत कुणीतरी तिची नक्कल करतंच. पण परवा बाकावरची मैत्रीण ओरडली म्हणे, 'थांबा ना, तिचं संपलं नाहीये!' आणि काल डायरीत पहिल्यांदाच शेरा आला: 'तासाला बडबड करते.'

मी सही केलीय. झेरॉक्सही काढून ठेवलीय.

एक आई